पाडलं तर दोन लाख, वाचवलं तर तीस हजार

माजघरात जेवायला बसलं की ताटात भुसा पडायचा. बारीक, तपकिरी, कॉफीच्या पावडरीसारखा. आईचं म्हणणं, दर पावसाळ्यात पडतो, त्यात नवीन ते काय! जुलै २०२२ मधल्या एका रविवारी मी स्टुलावर चढलो आणि तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही. वरून बघितलं तर सागवान, रंग दिलेला, ठणठणीत. आत पीठ.

आमचा वाडा वडोदऱ्यात, रावपुऱ्यात. दिंडी दरवाज्याच्या चौकटीवर शके १८३३ कोरलंय, म्हणजे १९११ साल. पणजोबा संस्थानात कारकून होते. खाली ओटा, पडवी, चौक, माजघर, वर माडी. घरात आई, मी आणि बायको. धाकटी बहीण पुण्याला. बाबा २०१९ मध्ये गेले.

जुनं घर दुरुस्त करताना करात काही सवलत मिळते का, हे मी तीन वर्षांपूर्वी मराठीत शोधलं होतं. जे सापडलं ते सगळं पुण्या-मुंबईच्या पुनर्विकासाबद्दल, म्हणजे घर पाडण्याबद्दलच. म्हणून आता सगळं आटोपल्यावर तारीखवार लिहून ठेवतोय.

सवलतीचं खूळ डोक्यात घातलं ते आतेबहिणीनं. ती अमेरिकेत सेंट लुईसला असते. २०२२ च्या दिवाळीत फोनवर मी तुळईचं रडगाणं गात होतो, तर ती म्हणाली, "मग सरकार किती देतं?" मला वाटलं चेष्टा करतेय. तिचं घर तिथल्या एका ऐतिहासिक वस्तीत आहे, विटांचं, आमच्या वाड्यापेक्षा थोडं जुनं. मिझुरी राज्यात अशा घराच्या दुरुस्तीवर पात्र खर्चाच्या २५ टक्के रक्कम राज्याच्या आयकरातून वजा मिळते. उत्पन्नातून नव्हे, थेट करातून. स्वतः राहत असाल तरीही. आपला कर तेवढा होत नसेल तर ते क्रेडिट दुसऱ्याला विकताही येतं. अट एवढीच की घर किंवा वस्ती यादीत हवी, खर्च ठरावीक पातळीच्या वर जायला हवा आणि काम सुरू करण्याआधी अर्ज आणि फोटो गेले पाहिजेत. केंद्र सरकारचं २० टक्क्यांचं क्रेडिट मात्र तिला मिळालं नाही, कारण ते फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींना आहे. "आणि खिडक्या बदलू देत नाहीत हं," ती म्हणाली, "प्लास्टिकच्या लावल्या की गेलं सगळं." मी त्या रात्री झोपताना २५ टक्क्यांचा गुणाकार करत होतो. माणूस भोळा असतो.

जानेवारी २०२३ मध्ये एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. फी २५ हजार. त्यांनी दोन दिवस घालवून प्रत्येक तुळई ठोकून पाहिली. अंदाज दिला २४ लाखांचा: माजघरावरच्या पाच तुळयांची टोकं, माडीचा अख्खा कडीपाट, कौलांखालचं लाकूड, आणि बाहेरच्या भिंतींवरचं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा. हे सिमेंट बाबांनीच १९९० च्या सुमारास हौसेनं करून घेतलं होतं. विटा आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट आलं की ती ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ती लाकडाच्या टोकाशी जाऊन बसते, आणि ओल्या लाकडाला वाळवी लागते. तुळयांचं पीठ झालं ते यामुळं. बाबा असते तर हे त्यांना सांगवलं नसतं.

मग आमच्या सीएंकडे गेलो. गुजराती गृहस्थ, बाबांपासूनचे. मी मिझुरीची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "भाई, आपणे त्यां तो उलटुं छे. तोडशो तो बे लाख, साचवशो तो त्रीस हजार."

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आपल्या आयकरात जुनं घर, वारसा घर असा प्रकारच नाही. आहे ते फक्त घरमालमत्तेच्या उत्पन्नाचं कलम २४(ब), म्हणजे कर्जावरच्या व्याजाची वजावट. स्वतः राहत असलेलं घर कर्ज काढून विकत घेतलं किंवा बांधलं, तर वर्षाला २ लाखांपर्यंत व्याज वजा होतं. तेच कर्ज दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी, अगदी पुनर्बांधणीसाठी काढलं, तर मर्यादा ३० हजार. शिवाय मुद्दलाची परतफेड ८०सी मध्ये (ठरावीक बचत-परतफेडीवर वजावट देणाऱ्या कलमात) दाखवता येते ती खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जाची. राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जाचं मुद्दल त्यात बसत नाही. म्हणजे शके १८३३ चा वाडा जमीनदोस्त करून चार मजली फ्लॅट काढले असते तर कायद्यानं पाठ थोपटली असती. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे. तेव्हा क्रमांक पाठ करू नका, मुद्दा लक्षात ठेवा.)

आणि यातली गंमत अजून पुढेच होती. आम्हाला पाडून नवं बांधताच येणार नव्हतं.

आमच्या घरापासून पंचाहत्तर मीटरवर तांबेकर वाडा आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा, भित्तिचित्रांचा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालचा. लहानपणी आम्ही तिथं रखवालदाराची नजर चुकवून वरच्या मजल्यावर जायचो. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा निषिद्ध भाग आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित भाग, असं १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० मध्ये घातलं गेलं. निषिद्ध भागात नवं बांधकाम नाही. जुन्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं, पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं असलं पाहिजे आणि आधी ना-हरकत घ्यावी लागते. एक कायदा म्हणतो पाडून नवं बांधू नका, दुसरा म्हणतो वाचवलंत तर फार अपेक्षा ठेवू नका. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर असतील. मधल्या पंचाहत्तर मीटरवर आम्ही.

तर आधी कागद. बाबांच्या नावावरचं प्रॉपर्टी कार्ड आमच्या नावावर झालेलं नव्हतं. चार वर्षं आज करू उद्या करू चाललं होतं. वारसाईची नोंद लावायला मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वंशावळ), सगळ्यांची ओळखपत्रं आणि प्रतिज्ञापत्र. फेब्रुवारी ते एप्रिल २०२३, सात फेऱ्या. खिडकीवरच्या भाईंनी विचारलं, "बहेननुं नाम पण चढाववानुं? के हक्ककमी करावी लेवुं छे?" म्हणजे बहिणीचंही नाव चढवायचं, की तिच्याकडून हक्क सोडल्याचा कागद करून घ्यायचा? पुण्याहून मुद्दाम आलेली बहीण शेजारीच उभी होती. ती मराठीत म्हणाली, "चढवा." त्यांना कळलं. आई, मी, बहीण, तिघांचा एक तृतीयांश हिस्सा. हे इथं सांगायचं कारण भावनिक नाही. सहमालकांचे हिस्से ठरलेले असले की आयकरात प्रत्येकाचं उत्पन्न आणि वजावट वेगळी मोजतात, ३० हजारांची मर्यादाही प्रत्येकाची स्वतंत्र. आम्ही खूश झालो. खुशी टिकली नाही ती अशी: आईला फक्त कुटुंब निवृत्तिवेतन, तिला कर लागतच नाही, आणि ती कर्जदारही नव्हती. बहिणीचा पुण्यात फ्लॅट आहे, त्याच्या व्याजातच तिचे २ लाख संपतात. स्वतःसाठी ठेवलेली दोन घरं हल्ली चालतात, पण दोन्ही मिळून मर्यादा २ लाखच. उरलो मी.

ना-हरकतीचा अर्ज ऑनलाइन असतो. ९ मे २०२३ ला भरला. ड्राफ्ट्समनचे १२ हजार. लागतं काय: मालकीचा कागद, स्मारकापासूनचं अंतर, चारी बाजूंचे फोटो, सध्याचा आणि प्रस्तावित नकाशा, उंची, आणि घर १९९२ पूर्वीचं असल्याचा पुरावा. चौकटीवरचा शके १८३३ पुरावा म्हणून चालेल असं मला वाटत होतं. सीए हसले. शेवटी आजीच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, १९८७ चं वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, निघालं. त्या एका चिटोऱ्यानं काम झालं. तेव्हा जुनी वेराबिलं, वीजबिलं टाकू नका. घराचा जन्मदाखला तोच.

कायद्यात प्रत्येक टप्प्याला मुदत आहे. सक्षम अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस द्यायची, मग महिन्याभरात निर्णय. आमचा अर्ज जूनमध्ये शंका काढून परत आला, कारण आमच्याच नकाशात पत्र्याच्या पाण्याच्या टाकीसकटची उंची दाखवायची राहिली होती. चूक आमची. टाकी मोजली, नकाशा बदलला, पुन्हा पाठवला, आणि वाट पाहत बसलो. पावसाळा आला. माजघराला लोखंडी टेकू लावले आणि त्यांच्यामधून वाट काढत गणपती बसवला. ४ ऑक्टोबरला पत्र आलं. त्यात काम असं लिहिलं होतं: 'दुरुस्ती व नूतनीकरण'. उंची वाढवायची नाही, जोत्याबाहेर जायचं नाही. ते पत्र घेऊन सेवासदनात, म्हणजे महापालिकेत, दुरुस्तीची परवानगी, तिथं तीन फेऱ्या.

'दुरुस्ती व नूतनीकरण' या तीन शब्दांचं महत्त्व मला नोव्हेंबरमध्ये कळलं. कर्जासाठी फिरत होतो. एका एजंटानं आपुलकीनं सांगितलं, "हेतूच्या रकान्यात 'बांधकाम' टाका, दोन लाखांची वजावट घ्या, कोण बघतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. दोन लाखांवर ३० टक्के दरानं साठ हजार, दरवर्षी. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सरकारकडून दुरुस्तीचं पत्र आणलंस, आणि सरकारलाच बांधकाम केलं म्हणून सांगणार?" सीएंनी तेच सांगितलं, जरा कडक शब्दांत. निषिद्ध भागात 'बांधकाम' केल्याचा कागद स्वतःच्या सहीनं तयार करायचा म्हणजे पायावर धोंडा. तेव्हा ना-हरकत, सेवासदनाची परवानगी, कर्जमंजुरी, कंत्राटदाराची बिलं, सगळीकडे एकच शब्द ठेवा. जो खरा आहे तो.

कर्ज १८ लाख, व्याज ९.४ टक्के, १५ वर्षं, हप्ता १८,६८७. कर्जदार मी आणि बहीण, हप्ता निम्मा-निम्मा. हे तिनंच ठरवलं.

वाटेत दुसरे पर्यायही तपासले. तेव्हा गुजरात सरकारचं हेरिटेज पर्यटन धोरण २०२०-२५ होतं, १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंसाठी. भांडवली अनुदान, व्याजात सवलत, बरंच काही. पण ते वास्तूचं हॉटेल, संग्रहालय, रेस्टॉरंट किंवा मेजवानीचं सभागृह करणाऱ्यांना. नुसतं राहणाऱ्याला नाही. बायकोनं दोन दिवस सेवउसळीचं 'हेरिटेज रेस्टॉरंट' काढायच्या गप्पा मारल्या. आईनं विचारलं, चौकात परकी माणसं जेवणार तर माझं वाळवण कुठं? विषय संपला. अमदावादेत जुन्या शहरातल्या यादीतल्या घरांना हस्तांतरणीय विकास हक्क (आपण न वापरलेला, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतात, ते विकून लोकांनी दुरुस्त्या केल्यात. पण ते अमदावाद.

डिसेंबर २०२३ मध्ये काम सुरू झालं आणि इथं मी माझी सगळ्यात महाग चूक केली. सुतारकामाला एक वयस्कर मिस्त्री मिळाले, हातात जादू. ते रोखीनंच घेत. पहिल्या दोन महिन्यांत मी त्यांना २ लाख ६० हजार रोख दिले, वहीत लिहून, बिल नाही. सीएंना वही दाखवली तर त्यांनी ती मिटून परत दिली. बिल नसलेला खर्च कराच्या दृष्टीनं झालाच नाही. पुढे मिस्त्रींच्या नातवानं फोनवर त्यांचं खातं सुरू करून दिलं आणि आम्ही साध्या कागदावर सही-तारखेची पावती आणि बँकेतून पैसे, असं सुरू केलं. छोट्या कारागिराला जीएसटी नोंदणी नसते, त्यामुळं त्याचं बिल जीएसटीविना असलं तरी चालतं. बिलच नसणं चालत नाही. मुख्य कंत्राटदाराचं बिल १८ टक्के जीएसटीसह आलं. तो कर आपल्याला परत मिळत नाही, पण खर्चात धरला जातो.

मिस्त्रींचं काम मात्र बघत राहावं असं. अख्खी तुळई काढायची नाही म्हणाले. सडलेलं दोन-सव्वादोन फूट टोक तिरकं कापलं, त्याच कोनात नव्या सागाचा तुकडा तासला, दोन्ही तिरप्या बाजू एकमेकांवर बसवल्या, वरून लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. बसवण्याआधी त्यांनी जोडावर खडू घासला, दोन लाकडं दाबली, पुन्हा काढली आणि खडू जिथं जिथं लागला होता तिथं रंधा मारला. हे एका जोडासाठी सात वेळा. भिंतीत टोक जातं तिथं चारी बाजूंनी बोटभर फट ठेवली. "लाकडानेय श्वास जोइए ने," म्हणाले. मला बाबांचं सिमेंट आठवलं.

चुन्याला वेळ लागतो, हे कुठल्याही अंदाजपत्रकात नसतं. कळीचा चुना हौदात विझवून दोन-तीन आठवडे तसाच मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर मळायचा, त्यात गुळाचं आणि बेलाचं पाणी. घरात महिनाभर आंबूस गोड वास होता. थर द्यायचा, ओला ठेवायचा, थांबायचं. सिमेंटवाला चार दिवसांत मोकळा झाला असता. तुमचा मुक्काम दुसरीकडे असेल तर भाड्याचा हिशेब दुप्पट धरा. आम्ही सुदैवानं पुढच्या दोन खोल्यांत कोंबून राहिलो.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. वडोदरेकरांना सांगायला नको. आमच्याकडे पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं, पण चुनेवाल्याच्या गोदामात घुसलं. कळीच्या चुन्यात पाणी शिरलं म्हणजे काय होतं ते त्यानं नंतर सांगितलं: पोती आपोआप उकळायला लागली, वाफ, फटाफट आवाज, जवळ जायची सोय नाही. आमचा आगाऊ पैसे दिलेला माल त्यातच गेला. बिचाऱ्यानं निम्मे पैसे परत दिले, मी जास्त ताणलं नाही. काम सहा आठवडे बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकदाचं संपलं. एकूण खर्च २९ लाख ४० हजार. १८ कर्जाचे, ४ बहिणीचे, ३ आईच्या मुदतठेवीचे, बाकी माझे.

सवलतीच्या बाबतीत खरी हालचाल झाली ती माडीमुळं. माडीला बाहेरून स्वतंत्र जिना आहे. तिथं आता विद्यापीठात शिकवणारं एक जोडपं राहतं, डिसेंबर २०२४ पासून, महिना १४ हजार. भाड्यानं दिलेल्या भागाला आयकराचे नियम वेगळे. भाड्यातून आपण प्रत्यक्ष भरलेला घरवेरा वजा, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजा (खरोखर खर्च करा वा करू नका), आणि त्या भागाच्या कर्जाचं व्याज वजा, त्याला ३० हजारांची मर्यादा नाही. मुख्य म्हणजे हे नव्या करप्रणालीतही (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) चालतं. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नव्या प्रणालीत शून्य. फरक एवढाच की नव्या प्रणालीत भाड्यापेक्षा व्याज जास्त होऊन तोटा आला, तर तो पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो.

पण कुठलं व्याज माडीचं आणि कुठलं खालचं? इथं इंजिनिअरनं वाचवलं. त्यांनी सुरुवातीपासून मजलेवार मोजमाप ठेवलं होतं: ४० टक्के काम माडीचं, ६० खालचं. कंत्राटदाराकडून बिलं मजलेवार घ्या, हे मी कुणालाही पहिल्या दिवशी सांगेन. आणि घरवेऱ्याचं लक्षात असू द्या. आपल्याकडे वेरा ठरवताना इमारतीचं वय आणि राहणारा मालक की भाडूत, हे दोन्ही बघतात. जुन्या वयाचा फायदा हातचा जाऊ नये म्हणून नोंदीत 'दुरुस्ती'च राहील याची काळजी घ्या. पुन्हा तोच शब्द.

आता आकडे. संकोच वाटतो, पण त्याशिवाय कळणार नाही. माझा पगार वर्षाला १३ लाखांच्या आसपास. २०२४-२५ चं व्याज साधारण दीड लाख, माझ्या वाट्याचं ७५ हजार: त्यातले ३० हजार माडीचे, ४५ हजार खालचे. चार महिन्यांचं भाडं ५६ हजार, माझा तिसरा हिस्सा १८,६६७. वेरा आणि ३० टक्के जाऊन उरले १२,४३७. जुन्या प्रणालीत माडीचा तोटा १७,५६३ आणि खालचे ३० हजार (४५ असले तरी ३०), म्हणजे ४७,५६३ रुपये पगारातून वजा. त्यात ८०सी चे दीड लाख, आरोग्यविमा वगैरे सगळं धरून कर निघाला सव्वा लाखावर. नव्या प्रणालीत, ती सगळी वजावट सोडून देऊन, ८८,४००. सीएंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काही बोलले नाहीत. नवी प्रणाली घेतली. म्हणजे वाडा दुरुस्त केल्याबद्दल मला मिळालं काय? ते १२,४३७ रुपये भाडं व्याजापोटी करमुक्त. वाचलेला कर २,५८७ रुपये.

२९ लाख ४० हजारांवर.

तुमचा आकडा वेगळा येईल. वजावटी भरपूर असतील, भाडं वर्षभराचं असेल, तर जुनी प्रणाली परवडेलही. पगारदाराला दर वर्षी प्रणाली निवडता येते, फक्त विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती, मी ११ तारखेला भरलं. एक भाग स्वतःचा, एक भाड्याचा, म्हणून तेव्हा आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालला नाही, आयटीआर-२ भरला. सहमालकांची नावं, पॅन, हिस्सा आणि कर्जाचा तपशील विचारतात, तेव्हा बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिलमध्येच काढून ठेवा.

दुसरी एक गोष्ट आहे, ती आज पैशात दिसत नाही. भांडवली स्वरूपाचा खर्च, म्हणजे तुळया, कडीपाट, छप्पर, घर कधी विकलं तर 'सुधारणेचा खर्च' म्हणून नफ्यातून वजा होतो. नुसती रंगरंगोटी नाही, म्हणून तिची बिलं वेगळी. वडिलोपार्जित जुन्या घराला मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल हाताशी असलेला बरा. आम्ही तो घेऊन ठेवला, ११ हजार. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला १२.५ टक्के कर, महागाई निर्देशांकाविना (म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणं न वाढवता). त्याआधीपासूनचं घर असेल तर निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. हे मी आईसमोर वाचून दाखवत होतो तर ती म्हणाली, "शुभ बोल नाऱ्या!" आणि उठून गेली. तर विकायचा विषय नाही, पण बिलं दोन बॉक्सफायलींत लावून माजघरातल्या देवळीत ठेवलीत, स्कॅन करून बहिणीकडेही. थर्मल कागदावरच्या पावत्यांची शाई वर्षभरात उडते, त्या आधी झेरॉक्स करा. माझ्या चार गेल्या.

या दिवाळीत आतेबहिणीचा फोन आला. किती मिळाले विचारलं. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "डॉलर?"

दिंडी दरवाज्याच्या वरचा भाग अजून बाकी आहे. चौकटीच्या डाव्या बाजूला, शकेच्या आकड्याच्या थोडं वर, स्क्रू-ड्रायव्हर इंचभर आत जातो. मिस्त्रींना दाखवलं, सव्वा लाख म्हणाले, मार्चमध्ये हात मोकळा आहे. आधीच्या ना-हरकतीत दरवाजा धरला नव्हता, त्यामुळं नवा अर्ज. १९८७ चं वेराबिल लॅमिनेट करून घेतलंय.